दुखणं नाकाचं, बोभाटा घशाचा

आमच्या घरी अप्पा आले हे कळायला दाराची कडी वाजावी लागत नसे. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं खाकरणं ऐकू यायचं. आई आतूनच म्हणायची, "आले बघ, चहा ठेवते." भालकी तालुक्यातल्या आमच्या गावात शेजाऱ्यांनाही हा आवाज पाठ होता. त्यात कोणाला दुखणं दिसलं नाही. तंबाखूनं होतं, वयानं होतं, सवयच आहे त्यांची, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

मी तिशी ओलांडली आणि तोच आवाज माझ्या गळ्यातून निघायला लागला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनी हैदराबादची, पण आठवड्यातले तीन दिवस बिदरच्या घरून काम. दिवसाला चार-पाच कॉल, आणि प्रत्येक वाक्याआधी माझं 'ह्ं ह्ं' ठरलेलं. एका सहकाऱ्यानं शेवटी सांगितलं, "बोलत नसशील तेव्हा म्यूट करत जा रे." रात्री आडवं झालं की नाकामागून घशात काहीतरी ओघळतंय असं वाटायचं. गिळलं तरी जात नसे, खाकरलं तरी निघत नसे. सकाळी तोंडाला वास आणि आवाज बसलेला. गावाहून आलेले अप्पाच एकदा म्हणाले, "काय खाकरलालास रे सारखं? माझंच घेतलास की."

एके दिवशी शाळेत निघताना माझी सहा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी राहिली आणि माझी हुबेहूब नक्कल करत खाकरली. सगळे हसले. मीही हसलो. पण गाडी चालवताना तो आवाज डोक्यातून जाईना. ही आमच्या घराण्याची खूण आहे की साधं न ओळखलेलं दुखणं, हे एकदा बघायलाच हवं, असं त्या दिवशी ठरवलं.

आधी काय काय केलं

जे आपण सगळेच करतो तेच. हळदीचं दूध, आलं-तुळशीचा काढा, ज्येष्ठमध, वाफारा. मग आईनं दूध, दही, केळी बंद केली. कफ होतो म्हणून. (दुधामुळे लाळ थोडी दाट लागते, म्हणून घशात चिकटल्यासारखं वाटतं, पण दूध पिऊन कफ जास्त तयार होत नाही, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. वर्षभर उगाच कोरा चहा प्यालो.) दोन वर्षांत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, खोकल्याच्या बाटल्या किती झाल्या ते मोजलं नाही. जूनमध्ये मृग नक्षत्र लागताना हैदराबादच्या नामपल्ली मैदानावर बत्तिनी कुटुंबाकडून दम्यासाठी जिवंत माशातून औषध देतात, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. अप्पा पूर्वी एकदा त्या रांगेतही उभे राहून आले होते. दमा त्यांना नव्हताच.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र खिशात मावेल एवढी होती. नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची छोटी बाटली, झायलोमेटाझोलिनची. औषधाच्या दुकानात विनाचिठ्ठी मिळाली. दोन थेंब टाकले की अर्ध्या मिनिटात नाक उघडायचं. पहिल्यांदा मला वाटलं, एवढं सोपं होतं? मग रात्री एकदा, मग सकाळ-संध्याकाळ, मग दर चार तासांनी. दीड वर्ष ती बाटली लॅपटॉपच्या बॅगेत, गाडीत आणि उशाखाली अशी तीन ठिकाणी असे.

आळंदची रास आणि कलबुर्गीचे डॉक्टर

माझी सासुरवाडी आळंद तालुक्यातली. कलबुर्गी जिल्हा म्हणजे कर्नाटकातलं तुरीचं कोठार. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जानेवारीत आम्ही गेलो तेव्हा शेतात तुरीची रास चालू होती. मळणी यंत्राच्या भुश्शाचा धुरळा उडत होता. मी हौसेनं पोती धरायला उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत शिंका, डोळ्यांतून पाणी आणि रात्रभर उठून बसणं. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, बिदरला परत जायचं नाही. आधी कलबुर्गीला नाकाच्या डॉक्टरांकडे." मी म्हटलं, घसा दुखतोय, नाकाचं काय? ती म्हणाली, "शिंकलात तुम्ही नाकातून का घशातून?"

डॉक्टरांनी आल्याआल्या चिठ्ठी लिहिली नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. कोणत्या महिन्यांत वाढतं? आडवं झाल्यावर की जेवल्यावर? स्राव पाण्यासारखा की दाट? दोन्ही बाजूंनी की एकाच? वास येतो का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? मग म्हणाले, "खिशातलं काढा बघू." मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी बारीक दुर्बिणीतून नाक पाहिलं आणि कन्नडमध्ये एक वाक्य बोलले, ते मी अजून विसरलो नाही: "मूगु सरि माडिद्र, गंटल तान सरि आगतद." नाक नीट केलंस तर घसा आपोआप नीट होईल.

आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. एरर दिसते स्क्रीनवर आणि खरा बग असतो मागे सर्व्हरवर. मी दोन वर्षं स्क्रीन पुसत बसलो होतो.

घशात उतरतं ते काय?

ज्याला पोस्टनेजल ड्रिप म्हणतात तो मुळात रोग नाही, हे पहिलं समजून घेऊ. नाक आणि सायनस यांचं अस्तर दिवसाला साधारण एक ते दीड लिटर पातळ चिकट द्रव बनवतं. आपण श्वासातून घेतो ती धूळ, जंतू, पराग त्यात अडकतात. अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून हा थर मागे घशाकडे ढकलत राहतात. आपण तो गिळतो आणि पोटातलं आम्ल पुढचं काम उरकतं. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घशात हे आत्ता, वाचता वाचता चाललं आहे. जाणवत नाही, एवढंच.

बिदरजवळ नौबादला बहामनी काळातलं भुयारी कालव्याचं काम आहे, करेज. जमिनीखालून हलक्या उतारानं पाणी वाहत यायचं, वर फक्त हवेची विवरं दिसत. पाणी वाहत होतं तोवर वरून चालणाऱ्याला खाली काय चाललंय याचा पत्ता नसे. गाळ साचला, वाट बुजली, की मगच लोकांचं तिकडे लक्ष जाणार. काही वर्षांपूर्वी तिथला गाळ काढायचं काम झालं, ते बघायला मी मुद्दाम गेलो होतो. नाकाचंही तसंच आहे. द्रव वाढला, दाट झाला, वाट अडली किंवा घशाचं अस्तरच हळवं झालं, तर तोच रोजचा प्रवाह आपल्याला टोचायला लागतो.

म्हणून डॉक्टर 'कफ बंद करा' असं औषध देत नाहीत, कारण शोधतात. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ मध्ये या दुखण्यातून येणाऱ्या खोकल्याचं नावच बदलून 'अप्पर एअरवे कफ सिंड्रोम' केलं. खोकला ओघळणाऱ्या द्रवानं येतो की वरच्या श्वासमार्गाच्या सुजेनं, हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, म्हणून.

कारणं अनेक, आवाज एक

आपल्या भागात पहिला संशय ॲलर्जीवर घ्यावा. शिंका, नाक खाजणं, डोळ्यांना पाणी आणि ठरावीक मोसम, ही तिची लक्षणं. पावसाळ्यापासून पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांनी भरलेलं काँग्रेस गवत आपण रोज पाहतो. हे गवत भारतात नोंदलं गेलं ते १९५५ च्या सुमारास, पुण्यात. त्याच्या परागांनी होणाऱ्या नाकाच्या ॲलर्जीचा बंगळूरमध्ये अभ्यास झाला आहे, आणि ते गवत खाणारा मेक्सिकोतला भुंगाही १९८४ पासून बंगळूर भागातच सोडला गेला. त्याशिवाय राशीचा भुस्सा, शहाबादी फरशीच्या कटाईची धूळ, गाद्या-उशांतले डोळ्यांना न दिसणारे किडे, भिंतीची ओल, उदबत्ती आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर.

काहींना ॲलर्जी नसते, पण थंड हवा, उग्र वास किंवा तिखट जेवणानं नाक वाहतं. बिदरची डिसेंबरातली पहाट आणि कलबुर्गीचा मे महिना, दोन्ही नाकाची परीक्षा बघतात.

बारा आठवड्यांहून जास्त काळ नाक चोंदणं, दाट पिवळट स्राव, चेहरा जड वाटणं, वास न येणं, असं असेल तर जुना सायनसचा विकार असू शकतो. एकाच बाजूनं घाण वास येत असेल तर वरच्या दाढेचं मूळ किडलेलं नाही ना, हेही बघतात. नाकाचा पडदा वाकडा असणं, नाकात मऊ गाठी वाढणं, गरोदरपण ही आणखी कारणं. आणि पोटातलं आम्ल वर घशापर्यंत येणं. यात छातीत जळजळ होईलच असं नाही. म्हणून ते ओळखू येत नाही. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल यांनी, काहींना सततचा कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायची.

माझा इलाज

माझं निदान दोन ओळींचं होतं: धुळीची ॲलर्जी आणि त्यावर थेंबांनी केलेला घोटाळा. नाक मोकळं करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचे नसतात. पुढे त्यांचा असर ओसरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. मी ज्याला औषध समजत होतो तेच दुखणं झालं होतं. ते बंद केल्यावरचा पहिला आठवडा वाईट गेला. तीन रात्री खुर्चीत बसून झोपलो. दहाव्या दिवसापासून उतार पडला.

त्यांच्या जागी दोन गोष्टी आल्या. एक, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. आपल्याकडे जलनेती म्हणतात तीच. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या योगसंस्था ती वर्षानुवर्षं शिकवत आल्या आहेत, आणि आता कान-नाक-घसा तज्ज्ञही सांगतात. पाव लिटर कोमट पाणी, सपाट अर्धा लहान चमचा आयोडीन नसलेलं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. वाकून मान एका बाजूला, तोंडानं श्वास, वरच्या नाकपुडीतून घालायचं, खालच्या नाकपुडीतून येतं. एक गोष्ट मात्र पक्की: पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं थेट नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्यानं नेती केल्यामुळे मेंदूत अमीबा जाऊन दोन माणसं दगावली होती. अशी घटना फार दुर्मीळ, पण पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात. भांडंही रोज धुऊन कोरडं करायचं.

दुसरी, स्टिरॉइडचा नाकातला फवारा. नाव ऐकूनच आई घाबरली. डॉक्टरांनी समजावलं की एका फवाऱ्यात औषध साधारण ५० मायक्रोग्रॅम, तेही जागच्या जागी काम करतं. गोळीच्या स्टिरॉइडशी त्याची तुलना नको. पण तो आपल्या मनानं सुरू करायचा नाही. माझी पहिली बाटली वाया गेली, कारण मारायची पद्धत चुकीची. डोकं मागे टाकून जोरात ओढायचो, औषध थेट घशात, तोंड कडू. बरोबर पद्धत अशी: आधी नाक धुवायचं, मान किंचित खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्याकडे. श्वास हलका. पडद्यावर मारलं तर रक्त येऊ शकतं. थेंबांसारखा अर्ध्या मिनिटात फरक पडत नाही. पूर्ण गुण यायला दोन आठवडे, कधी जास्त लागतात. बरेच लोक चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात.

गरजेला झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी, पलंगपोस-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात, गादीला ऊन, शेतात गेलो तर मास्क. आणि खाकरण्याची सवय मोडणं. जोरात खाकरलं की घशाचं अस्तर सुजतं, सुजलं की आणखी टोचतं, टोचलं की पुन्हा खाकरतो. त्याऐवजी पाण्याचा एक घोट. टेबलावर पाण्याची बाटली ठेवली, ती आजही आहे. आठव्या आठवड्याला सहकाऱ्यानं विचारलं, "म्यूटवर आहेस का?" मी म्हटलं, "नाही, बोल."

अप्पांचं काय

मी बरा झालो तेव्हा घरी सगळ्यांना वाटलं, अप्पांनाही तोच फवारा द्यावा. मलाही वाटलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "त्यांना घेऊन या." बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास सोपा झालाय. अप्पा वाटेत खिडकीशी गप्प बसले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "आवाज असा घोगरा कधीपासून?" अप्पा म्हणाले, "हरिपाठ सोडला तेव्हापासून. दोन वर्षं झाली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. गावातल्या विठ्ठल मंदिरात संध्याकाळच्या हरिपाठाला अप्पा पुढे उभे असत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जाणं बंद केलं, तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले होते. आम्ही गुडघ्याला तेल आणून दिलं. खरं कारण हे की ओळ मध्येच तुटायची, खाकरावं लागायचं, मागचे लोक थांबायचे. त्याची त्यांना लाज वाटायची.

तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा आणि माणूस तंबाखू खाणारा, तर स्वरयंत्र दुर्बिणीनं बघितल्याशिवाय कुठलंही औषध देणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. का, ते अप्पांनाही कळलं, मलाही. बाहेरच्या बाकावर आमची पाळी येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "तंबाखूची डबी तुझ्याकडं ठेव." गाठ नव्हती. स्वरयंत्राच्या मागची बाजू लाल, सुजलेली. नाक जवळजवळ स्वच्छ. त्यांचं दुखणं पोटातून वर आलं होतं. माझा फवारा त्यांना दिला असता तर वर्ष वाया गेलं असतं.

त्यांचा इलाज बहुतेक घरातलाच. काही आठवडे आम्लाची गोळी, पण मुख्य म्हणजे जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर, पलंगाचं डोक्याकडचं टोक विटा लावून अर्धा फूट वर, रात्रीचा चहा बंद, तंबाखू कायमची बंद. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड गेली. दोनदा सुटली, पुन्हा धरली.

कधी थांबायचं नाही

आपल्याकडे खाकरणं-खोकणं अंगावर काढायची रीत आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर क्षयाची थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, डोक्याला मार लागल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखी धार, डोळ्याभोवती सूज आणि ताप, वजन घटणं, गिळताना अडकणं, धाप किंवा छातीत शिट्टी, तीन आठवड्यांवर घोगरा आवाज, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवा. बिदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.

लहान मूल तोंडानं श्वास घेत असेल, रात्री घोरत असेल, तर नाकामागची गाठ वाढलेली असू शकते. आणि मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत मणी, खोडरबराचा तुकडा किंवा तुरीचा दाणा असण्याची शक्यता फार. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, आत सरकतो. लहान मुलांना वाफारा देताना भाजण्याच्या घटना होतात, तोही टाळलेला बरा. माझ्या मुलीला काही नव्हतं. ती फक्त माझी नक्कल करत होती, आणि मी थांबलो तशी तीही थांबली.

अप्पा पूर्ण बरे झाले असं म्हणणार नाही. उशिरा जेवले की दुसऱ्या दिवशी घसा धरतो. राशीच्या दिवसांत मलाही फवारा लागतो. पण यंदा आषाढीला अप्पा देवळात गेले. पुढे नाही, मधल्या रांगेत उभे राहिले. अर्ध्यावर त्यांचा आवाज अडकला तेव्हा माझी मुलगी बाटली घेऊन शेजारी उभीच होती. त्यांनी एक घोट घेतला आणि पुढची ओळ धरली.